परदेशातील भारतीय नागरिक आणि त्याचे मत

लोकशाही राज्यात मत हे सामान्य माणसाच्या हातातील सर्वात स्वस्त आणि तरीही सर्वात मोलाचे साधन आहे. त्यासाठी पैसा लागत नाही, शिफारस लागत नाही, पदवी लागत नाही. मतदानाच्या दिवशी जवळच्या शाळेत भरलेल्या केंद्रावर जायचे, बोटाला शाई लावून घ्यायची आणि आपला कौल द्यायचा, एवढे केले की पुरे. परंतु जो नागरिक त्या दिवशी लंडनच्या वसतिगृहात, दुबईच्या कामगार वसाहतीत किंवा अमेरिकेतील एखाद्या कचेरीत आहे त्याचे काय? तो भारताचा नागरिक आहे, त्याच्या खिशात भारताचे पारपत्र आहे, त्याचे आईवडील गावी आहेत. मग लोकसभेच्या निवडणुकीत त्याला मत आहे की नाही? असल्यास ते कसे द्यायचे? या प्रश्नांबाबत आपल्या समाजबांधवांत, विशेषतः विद्यार्थ्यांत, बरेच गैरसमज आढळतात. ते दूर व्हावेत म्हणून ही माहिती येथे एकत्र दिली आहे.

हा प्रश्न आपला कसा?

परदेशगमन ही एकेकाळी श्रीमंतांची गोष्ट मानली जाई. आज तशी स्थिती नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती यांच्या आधारे खेड्यापाड्यांतील आणि वस्त्यांतील मुलेमुली परदेशी विद्यापीठांत शिकू लागली आहेत. कोकणातील अनेक घरांतील माणसे आखाती देशांत नोकरीस आहेत. संगणक क्षेत्रातील तरुण अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया येथे आहेत. म्हणजे ज्या घरात पहिला पदवीधर होऊन फार वर्षे झाली नाहीत, त्याच घरातून आज माणूस परदेशी जात आहे. तो जातो तेव्हा त्याचे मत कोठे जाते, हे पाहणे आपले काम आहे.

कारण हे मत आपल्याला सहजासहजी मिळालेले नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याने मताधिकार दिला तो मालमत्ता, कर अशा अटी घालून, म्हणजे मूठभरांनाच. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्य मानलेल्या वर्गाच्या मताधिकाराचा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकास हा अधिकार दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे सतरा कोटी मतदारांची नावे यादीत आली. मतदाराचे वय प्रथम २१ होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ते १८ झाले.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि त्यानंतर लंडनमध्ये विद्यार्थी होते. त्या काळी भारतातील कष्टकऱ्यालाच मत नव्हते, तेथे परदेशातील विद्यार्थ्याच्या मताचा विचार कोण करणार? आज मत आहे. ते परदेशातून वापरता येण्याचा मार्ग मात्र अर्धाच बांधून झाला आहे. तो कोठपर्यंत आला आहे ते पाहू.

कायदा काय सांगतो?

मतदार यादीत नाव कोणाचे घालावे, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० मध्ये सांगितले आहे. या कायद्याचे विधेयक कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच संसदेत मांडले होते. त्यातील मुख्य कसोटी अशी की, मतदार त्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे रहिवासी’ असला पाहिजे. केवळ तेथे घर मालकीचे आहे म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही. उलट, काही काळ बाहेरगावी गेला एवढ्याच कारणाने कोणाचे रहिवासीपण संपतही नाही.

या कसोटीमुळे दीर्घकाळ परदेशी राहणारा नागरिक यादीच्या बाहेर पडत असे. तो भारतीय आहे याविषयी वाद नव्हता, परंतु तो येथे ‘रहिवासी’ नव्हता. ही उणीव दूर करण्यासाठी २०१० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून कलम ‘२०-अ’ घातले. ते १० फेब्रुवारी २०११ पासून अमलात आले. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणाने परदेशी असलेल्या भारतीय नागरिकाला त्याच्या पारपत्रावर भारतातील जो पत्ता आहे, त्या मतदारसंघाच्या यादीत नाव नोंदवण्याचा हक्क या कलमाने दिला. ‘शिक्षण’ हा शब्द कलमात स्पष्टपणे आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

येथे अट एकच आणि ती कडक आहे. त्याने अन्य देशाचे नागरिकत्व घेतलेले नसावे. आपल्या संविधानात दुहेरी नागरिकत्वास स्थान नाही. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि त्याबरोबर मतही संपते. पुढे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ असे कार्ड मिळाले, तरी त्या नावातील ‘सिटिझन’ या शब्दाने फसू नये, कारण त्या कार्डाने मताधिकार मिळत नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्यांच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. याउलट, अमेरिकेचे ग्रीन कार्ड हा केवळ कायम वास्तव्याचा परवाना आहे. तो घेणारा भारतीय नागरिकच राहतो आणि त्याचे मतही शाबूत राहते.

चार प्रकारचे लोक

परदेशी असलेल्या भारतीयांचे मताच्या दृष्टीने चार प्रकार पडतात. ते वेगवेगळे समजून घेतले की निम्मा गोंधळ मिटतो.

पहिला प्रकार थोड्या दिवसांच्या प्रवाशांचा. लुंबिनीला किंवा श्रीलंकेला यात्रेस गेलेले, मुलाकडे महिना-दोन महिने राहावयास गेलेले, कंपनीच्या कामासाठी गेलेले लोक यात येतात. यांचे नाव गावच्या यादीत कायम असते, वेगळी नोंद करावी लागत नाही. परंतु मतदानाच्या दिवशी ते परत आलेले असले पाहिजेत. प्रवासात असलेल्या नागरिकास टपालाने किंवा वकिलातीत मत देण्याची सोय आपल्याकडे नाही. म्हणून यात्रा ठरवताना निवडणुकीचा हंगाम पाहूनच तारखा घ्याव्यात.

दुसरा प्रकार शासकीय सेवेतील लोकांचा. परदेशातील भारतीय वकिलातींत नेमलेले शासकीय कर्मचारी आणि सैन्यदलातील जवान हे ‘सेवा मतदार’ असतात. त्यांना टपाली मतपत्रिका मिळते. २०१६ पासून ही मतपत्रिका त्यांच्याकडे संगणकाद्वारे पाठवली जाते. ते ती छापून घेतात, खूण करतात आणि टपालाने परत पाठवतात. सैन्यदलातील मतदारास २००३ पासून आपल्या वतीने मत देण्यासाठी गावी प्रतिनिधी नेमण्याचीही मुभा आहे.

तिसरा प्रकार विद्यार्थी, नोकरदार आणि कामगारांचा. कलम २०-अ आहे ते यांच्यासाठी. कायद्याच्या भाषेत हे ‘परदेशस्थ मतदार’ होत.

चौथा प्रकार परकीय नागरिकत्व घेतलेल्यांचा. त्यांना मत नाही. जुन्या यादीत नाव राहून गेले असले तरी त्यांनी मतदान करणे बेकायदेशीर आहे.

नाव कसे नोंदवावे?

परदेशस्थ मतदारासाठी ‘नमुना ६-अ’ हा अर्ज आहे. तो विनामूल्य मिळतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो भरता येतो, किंवा आपल्या विधानसभा मतदारसंघाच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे टपालाने पाठवता येतो. अर्जासोबत छायाचित्र आणि पारपत्राच्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडाव्या लागतात. छायाचित्र असलेले पान, भारतातील पत्ता असलेले पान आणि चालू व्हिसाचे पान ही त्यांत असली पाहिजेत. पूर्वीचे मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करावे लागते, कारण एका नागरिकाचे नाव दोन ठिकाणी असू शकत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

अर्ज आल्यावर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी पारपत्रावरील पत्त्यावर चौकशीस येतो. घरच्या माणसांनी त्याला योग्य माहिती दिली की काम सोपे होते. घरी कोणीच नातेवाईक नसेल, तर कागदपत्रांची तपासणी त्या देशातील भारतीय वकिलातीमार्फत होऊ शकते. नाव मंजूर झाले की ते त्या भागाच्या यादीत परदेशस्थ मतदारांच्या स्वतंत्र विभागात येते. अशा मतदारास ओळखपत्र दिले जात नाही. मतदान केंद्रावर मूळ पारपत्र दाखवून त्याची ओळख पटवली जाते.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. एक, पारपत्रावरील पत्ता. गावचा मुलगा पुण्यास भाड्याच्या खोलीत राहून शिकतो आणि तोच पत्ता देऊन पारपत्र काढतो. पुढे तो परदेशी गेला की त्याचे नाव त्या खोलीच्या मतदारसंघातच नोंदले जाऊ शकते, आणि तेथे चौकशीस आलेल्या अधिकाऱ्यास त्याला ओळखणारे कोणी भेटत नाही. म्हणून पारपत्र काढतानाच घरच्या कायम पत्त्याचा विचार करावा. दुसरी गोष्ट मुदतीची. उमेदवारी अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवसानंतर यादीत नवे नाव घालता येत नाही, आणि त्यापूर्वी अर्जाच्या चौकशीलाही काही दिवस लागतातच. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा परदेशी पोहोचून स्थिरस्थावर होताच अर्ज करावा.

‘मी दोन वर्षांसाठीच गेलो आहे, माझे जुने नाव यादीत आहेच’ असे म्हणून काही विद्यार्थी स्वस्थ बसतात. पडताळणीस आलेल्या अधिकाऱ्यास घरच्यांनी ‘तो येथे राहत नाही’ असे सांगितले, की ते नाव स्थलांतरित म्हणून वगळले जाण्याची शक्यता असते. कायदेशीर मार्ग नमुना ६-अ चा आहे. शिक्षण संपवून कायमचे परत आल्यावर तसे नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नमुना ६ भरावा आणि पुन्हा सर्वसाधारण मतदार व्हावे.

खरी अडचण

एवढे सगळे केल्यावर परदेशातून मत देता येते काय? येत नाही. कायद्याने नाव नोंदवण्याचा हक्क दिला, परंतु मत देण्यासाठी परदेशस्थ मतदाराने त्या दिवशी स्वतः आपल्या गावच्या केंद्रावर हजर राहिले पाहिजे.

याचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीसाठी देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदारांची नोंद होती. त्यांपैकी प्रत्यक्ष मतदान केले २,९५८ जणांनी, म्हणजे शंभरात जेमतेम अडीच. नोंदवलेल्यांपैकी ८९,८३९ एकट्या केरळचे होते आणि मत देणाऱ्यांतील २,६७० जणही केरळचेच. महाराष्ट्रात ५,०९७ नावे नोंदलेली होती. मतदान केले अवघ्या १७ जणांनी.

या १७ च्या आकड्याकडे पाहून परदेशस्थांना देशाची आस्था नाही, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०२४ च्या निवडणुकीची घोषणा १६ मार्चला झाली आणि महाराष्ट्रात १९ एप्रिल ते २० मे या काळात पाच टप्प्यांत मतदान झाले. ब्रिटनमधील विद्यापीठांत हाच काळ परीक्षांचा किंवा प्रबंधाच्या तयारीचा असतो. शिष्यवृत्तीच्या पैशात महिना काढणाऱ्या विद्यार्थ्याने एका मतासाठी विमानाचे येण्याजाण्याचे भाडे कोठून आणावे? आखातातील मजुरास रजा मालकाच्या मर्जीने मिळते. केरळमधील मतदार अधिक संख्येने येऊ शकतात, कारण तेथील माणसांचे आखाताशी पिढ्यांचे नाते आहे, प्रवास जवळचा आहे आणि त्यांच्या संघटना गटागटाने येण्याची व्यवस्था करतात.

म्हणजे आज परदेशातील भारतीयाचे मत हे वस्तुतः विमानाचे तिकीट काढू शकणाऱ्याचे मत झाले आहे. १९१९ साली मताला मालमत्तेची अट होती. आज तशी अट कोणत्याही कायद्यात नाही, परंतु परदेशी शिकणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला व्यवहारात तिचाच अनुभव येतो. एक व्यक्ती, एक मत आणि प्रत्येक मताचे मूल्य समान, हे तत्त्व बाबासाहेबांनी घटना समितीत ठामपणे सांगितले. त्या तत्त्वाशी हे सुसंगत नाही.

सुधारणेचे प्रयत्न

या अडचणीची जाणीव शासनास व निवडणूक आयोगास नाही असे नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर परदेशस्थ मतदारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. परदेशस्थ मतदारास गावी प्रतिनिधी नेमून मत देता यावे, यासाठी २०१७ च्या डिसेंबरात विधेयक मांडले गेले. ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेने ते संमतही केले. परंतु राज्यसभेत ते पुढे गेले नाही आणि २०१९ मध्ये सोळावी लोकसभा विसर्जित होताच ते रद्दबातल झाले. त्यानंतर २०२० च्या नोव्हेंबरात निवडणूक आयोगाने दुसरा मार्ग सुचवला. सेवा मतदारांना संगणकाद्वारे मतपत्रिका पाठवण्याची जी पद्धत आहे, तीच परदेशस्थ मतदारांनाही लागू करावी असा तो प्रस्ताव होता. त्यासाठी नियमांत बदल पुरेसा होता. तरीही २०२४ ची निवडणूक जुन्याच पद्धतीने पार पडली.

इतर देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या मार्गांनी सोडवला आहे. फिलिपिन्समधून फार मोठ्या संख्येने कामगार परदेशी जातात. त्या देशाने २००३ साली कायदा केला आणि २००४ च्या निवडणुकीपासून परदेशातून मतदान सुरू केले. जपानमध्ये परदेशी राहणाऱ्या नागरिकांचे मत प्रथम मर्यादित स्वरूपात मान्य झाले होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ती मर्यादा घटनाबाह्य ठरवली. फ्रान्सने २०१२ पासून परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात अकरा स्वतंत्र जागा ठेवल्या आहेत. ब्रिटनची गोष्ट तर आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. तेथे कायदेशीरपणे राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक, म्हणजे भारतीय विद्यार्थीसुद्धा, नाव नोंदवून ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतात. त्यासाठी ब्रिटिश नागरिक व्हावे लागत नाही. म्हणजे लंडनमधील आपला विद्यार्थी ब्रिटनचा खासदार निवडू शकतो, पण तेथे बसून स्वतःच्या जिल्ह्याचा खासदार निवडू शकत नाही!

आक्षेप आणि विचार

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा शांतपणे विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, जो येथे राहत नाही आणि येथील कायद्यांचे परिणाम भोगत नाही, त्याने सरकार का निवडावे? याचे उत्तर सोपे आहे. विद्यार्थी परत येणार आहे, मजुराचे कुटुंब येथेच आहे. शिवाय, त्यांना मतदार मानावे की नाही हा निर्णय संसदेने २०१० मध्येच दिला आहे. आता प्रश्न उरतो तो पद्धतीचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मत गुप्त राहील काय? प्रतिनिधीमार्फत मत द्यायचे तर ते निदान त्या प्रतिनिधीला तरी कळणारच. गावात तो प्रतिनिधी कोणाच्या दबावाखाली आहे, हे परदेशी बसलेल्यास कळणार नाही. मालकाच्या आणि सावकाराच्या धाकाखाली ज्यांचे वाडवडील जगले, त्यांना गुप्त मतदानाची किंमत कोणी सांगायला नको. त्या दृष्टीने टपाली मतपत्रिका प्रतिनिधीपेक्षा बरी. मात्र तिच्यातही धोका आहेच. कामगारांच्या वसाहतीत दहा जण एका खोलीत राहत असतील, तर तेथेही कोणी दडपण आणू शकतो. वकिलातीत मतदान केंद्र उघडले तर गुप्तता चांगली राहील, पण आखातासारख्या ठिकाणी लाखो मजुरांना दूरवरून एका शहरात येणे जड जाईल. दोष नसलेली पद्धत कोणतीच नाही. ज्या पद्धतीत गरिबाचा खर्च कमी आणि गुप्तता अधिक, ती निवडावी एवढेच आपण म्हणू शकतो.

आपण काय करू शकतो?

कायदा बदलणे आपल्या एकट्याच्या हाती नाही. तरी काही गोष्टी आपल्या हाती आहेत. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा आपण सत्कार करतो, त्याला पुष्पगुच्छ देतो. त्याच दिवशी त्याला नमुना ६-अ ची माहितीही द्यावी. त्याच्या घरच्यांना समजावून सांगावे, की चौकशीस अधिकारी आला तर ‘तो येथे नाही’ एवढेच बोलून दार लावून घेऊ नये. शिक्षणासाठी तो परदेशी आहे आणि परदेशस्थ मतदार म्हणून नाव ठेवायचे आहे, असे सांगावे. परदेशी असलेल्या सभासदांची नावे नोंदली आहेत की नाहीत, याची पाहणी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी वर्षातून एकदा करावी.

‘जाऊन मत देणे शक्य नाही, मग नाव तरी कशाला?’ असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, नोंदलेल्या नावांची संख्या हीच मागणीची ताकद असते. सव्वा लाखाच्या आत असलेल्या नावांसाठी पद्धत बदलण्याची घाई कोणास वाटणार नाही. ती संख्या दहा लाखांवर गेली तर संसदेला आणि आयोगाला तिची दखल घ्यावीच लागेल. १९१९ मध्ये मागितलेला मताधिकार प्रत्यक्ष हाती येण्यास तीस वर्षांहून अधिक काळ लागला. तेवढा काळ मागणी सोडून न देता ती सतत मांडली गेली म्हणूनच तो आला.

विद्यार्थी मित्रांनो, परदेशी जाताना कपडे, पुस्तके, प्रमाणपत्रे यांची यादी तुम्ही करताच. त्या यादीत मतदार नोंदणीची एक ओळ वाढवा. सागरापार गेलात तरी या देशाचा कारभार कोणी चालवावा हे ठरवण्यात तुमचा वाटा आहे. तो वाटा निदान कागदावर तरी शाबूत ठेवा. तो प्रत्यक्षात उतरावा यासाठी आवाज उठवताना हीच नोंद तुमच्या उपयोगी पडेल.